डेव्हिनच्या पंज्याचं माप

पत्रकं लिहून लिहून एक सवय लागलीय: मागणी पहिल्या ओळीत. म्हणून आधी मागणी सांगते. माणसाचा पंजा लाकडी फळीवर ठेवून, फूटपट्टीने मोजून, त्यावरून त्याची लायकी ठरवणं बंद झालं पाहिजे! आता महिनाभराच्या अमेरिकेची हकिकत वाचा. वाचूनही मागणी पटली नाही तर नागपूरला या, चहा पाजते आणि भांडते.

मी गेले होते भाषणाला. डेट्रॉइट शहराला चिकटून ट्रॉय नावाचं गाव आहे, मोटारकंपन्यांत आणि आयटीत काम करणाऱ्या आपल्या लोकांनी भरलेलं. तिथल्या काही बौद्ध कुटुंबांनी भीमजयंतीला पाहुणी म्हणून बोलावलं. पोलीस भरतीला येणाऱ्या पोरांच्या हालांवर मी काढलेली पत्रकं त्यांच्यापैकी कुणीतरी फोनवर वाचली होती. भरतीचं मैदान ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: पोरं आदल्या दिवसापासून फुटपाथवर पथारी टाकतात, सकाळी उघड्या अंगाने रांगेत उभी राहतात, एक शिपाई छातीला पट्टी लावतो, "फुगव" म्हणतो, आणि एका आकड्यावर चार वर्षांची मेहनत घरी जाते. माझ्या धाकट्या भावाची छाती बोटाच्या पेराएवढी कमी भरली आणि तो घरी आला. तेव्हापासून मोजपट्टी दिसली की माझं डोकं फिरतं. मी रागीट आहे असं लोक म्हणतात. राग यायला कारणं भरपूर आहेत, माझा काय दोष?

ट्रॉय

मार्च संपत आला होता आणि रस्त्याकडेला काळपट बर्फाचे ढीग होते. माझा मुक्काम मिलिंददादाकडे. दादा नागपूरचाच, गाड्यांचे ब्रेक तपासणाऱ्या लॅबमध्ये इंजिनिअर. सुजातावहिनी पुण्याच्या, घरूनच कंपनीचं काम करतात आणि मीटिंग म्यूट करून कुकरच्या शिट्ट्या मोजतात.

पहिल्याच सकाळी मी पायी फिरायला निघाले. सुंदर घरं, सुंदर हिरवळ, माणूस एक नाही. एक गाडी हळू झाली, काच खाली आली, आतल्या बाईंनी काळजीने विचारलं, मदत हवीय का? थोड्या वेळाने दुसरी गाडी, तोच प्रश्न. घरी येऊन वहिनींना सांगितलं तर त्या हसायला लागल्या.

"अगं, इथे पायी चालणारा माणूस म्हणजे एकतर कुत्रा फिरवतोय, नाहीतर त्याची गाडी बंद पडलीय. उद्या शेजारचा कुत्रा घेऊन जा, कुणी विचारणार नाही."

त्याच संध्याकाळी तळघरात चार मराठी पुरुष जमले. समोर मोठा पडदा, चिवड्याचा डबा, चेहरे गंभीर. मला वाटलं, जयंतीची बैठक. वही-पेन घेऊन खाली उतरले तर पडद्यावर हेल्मेट घातलेली माणसं धावत होती.

"काय होऊन राहिलं बे हे, दादा?"

"रिसिव्हर पाहून राहिलो. महिनाभरात ड्राफ्ट आहे."

न गेलेल्या वाचकांसाठी थांबते. इथल्या फुटबॉलमध्ये पायाचं काम जवळपास नाहीच. एक जण लांबुळका चेंडू हाताने दूर फेकतो, दुसरा जिवाच्या आकांताने धावत जाऊन तो झेलतो, आणि बाकीचे त्याला आडवं करायला टपलेले असतात. तो झेलणारा म्हणजे रिसिव्हर. कॉलेजात चमकलेल्या पोरांना व्यावसायिक संघ एप्रिलच्या शेवटी पाळीपाळीने उचलतात. सात फेऱ्या, तीन दिवस, टीव्हीवर थेट. त्याचं नाव ड्राफ्ट. पोराने संघ निवडायचा नाही, संघाने पोर निवडायचं.

"म्हणजे बाजार," मी म्हटलं.

"आली पत्रकवाली," दादा म्हणाला. "बस, चिवडा खा."

या मंडळींचा दरवर्षीचा रिवाज असा: ड्राफ्टच्या आधी प्रत्येकाने आपला पहिल्या नंबरचा रिसिव्हर जाहीर करायचा. ज्याचा माणूस सगळ्यांत उशिरा उचलला जाईल, त्याने सगळ्यांना सावजी मटण करून घालायचं. त्यासाठी हे लोक अमेरिकन पत्रकारांसारखी महिनाभर चिरफाड करतात. खेळाडूंना नावंही आपलीच ठेवलेली. एक अतिशय उंच, तो उंट. एक वाऱ्यासारखा पळणारा, तो तीर. एकाच्या हाताला चेंडू चिकटतो, तो डिंक.

"उंट वर उडी मारतो तेव्हा मस्त, पण वळताना बघ, ट्रक वळल्यासारखा वळतो," एक जण म्हणाला.

"तीर पळतो रे, पण चेंडू छातीवर घेतो. हात वापरतच नाही."

"डिंक सगळं झेलतो, पण मोकळा होतच नाही. गर्दीत झेलून किती दिवस जगणार?"

मी तळघरातल्या फ्रिजवर लावलेल्या एका फोटोकडे बोट दाखवलं. वहिनींच्या हातची पुरी खाणारा एक काळा मुलगा, गाल फुगलेले. तो मी सकाळीच पाहिला होता. "आणि हा? हापण खेळतो म्हणाल्या ना वहिनी?"

दादाने चिवड्याचा डबा बाजूला ठेवून सांगितलं. तो डेव्हिन. त्याची आई डेनीस दादाच्या लॅबमध्ये आहे. दादा पहिल्या हिवाळ्यात इथे आला तेव्हा याच बाईने त्याला मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये नेऊन बर्फात गाडी चालवायला शिकवलं. ती जादा पाळीला थांबली की डेव्हिन इथे जेवायला. आता तो दोन-अडीच तासांवरच्या एका छोट्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला, रिसिव्हर. लहान असल्यापासून त्याला हेच करायचंय. महिनाअखेरीस एखाद्या संघाने उचललं तर ठीक, नाहीतर खेळ संपला. गावातल्या शाळेत पी.टी. शिकवायची नोकरी तयार आहे.

"मग तुमच्या एकाच्याही यादीत तो नाही?"

"अगं, कुणाच्याच यादीत नाही. छोटं कॉलेज. तिथे बघायला कोण जातं?"

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलेय. फक्त कॉलेजच्या जागी वस्ती असायची.

"माझा पहिला नंबर डेव्हिन," मी जाहीर केलं.

चौघं खदाखदा हसले. दादाने डोळे पुसत विचारलं, "मटण करता येतं का तुला?"

"नाही येत. पण तत्त्व आहे."

कॉलेजचं मैदान

ड्राफ्टच्या आधी कॉलेजं एक दिवस ठरवून संघांच्या पारख्यांना बोलावतात. त्यांना इथे स्काउट म्हणतात. ते येतात, पोरांना मोजतात, पळवतात, झेलायला लावतात. डेव्हिनच्या कॉलेजचा तो दिवस एप्रिलच्या सुरुवातीला होता. डेनीसच्या गाडीत आम्ही तिघं: दादा, वहिनी आणि मी. डेनीस पन्नाशीची, उंच, केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं. मी तिला डेनीसमावशी म्हणायला लागले. अर्थ सांगितल्यावर तिने आरशातून बघत म्हटलं, "बरं. पण गाडीत सीटबेल्ट लाव, भाची."

वाटेत एवढंच म्हणाली: "मला कुणाची मेहेरबानी नको. कुणीतरी त्याच्याकडे नीट बघावं, बस."

मैदानावर वाळूसारखा बारीक बर्फ उडत होता. स्काउट मोजकेच आले होते. टोप्या, जाकिटं, गळ्यात स्टॉपवॉच, आणि चेहरे आपल्या तलाठ्यासारखे: समोरच्याचं काम होणार की नाही याचा पत्ता लागू द्यायचा नाही. लाल टोपीवाला एक म्हातारा सूर्यफुलाच्या बिया चघळत कडेला उभा होता.

आधी अनवाणी उंची. मग वजन. मग पंजा. टेबलावर फळी, फळीवर पट्टी. पोराने हात सपाट ठेवून बोटं ताणायची, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत माप घ्यायचं, आणि मोजणाऱ्याने ते मोठ्याने ओरडून सांगायचं. मोठा पंजा म्हणजे चेंडू पकडीत राहतो, असा यांचा सिद्धान्त. रांगेत उभी असलेली बहुतेक पोरं काळी होती. मोजणारे बहुतेक गोरे होते. माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळा तयार झालाच होता.

डेव्हिनने बोटं इतकी ताणली की मनगटाच्या शिरा दिसल्या. आकडा ओरडला गेला. दोन स्काउटांनी काहीही न लिहिता पेनाला टोपण लावलं.

"छोटा आला?" मी दादाला विचारलं.

"छोटा आला."

"फुगव म्हणाले नाहीत ते एक बरं!"

"करुणा," वहिनी हळूच म्हणाल्या, "घोषणा नको हं."

मी मान डोलावली. खरंच ठरवलं होतं. मग चाळीस यार्डांची धाव आली. पोरगा वाकतो, तीन बोटं जमिनीला टेकवतो, आणि तो हलताक्षणी घड्याळं सुरू होतात. त्या वेळी मैदानावर एवढी शांतता असते की बर्फ जाकिटावर पडलेला ऐकू येतो. आता मला सांगा, आपला माणूस धावायला वाकलाय, समोर सगळे परके उभे आहेत, आणि आपण गप्प? हे आमच्याकडे शिकवलेलंच नाही. माझी मूठ आपोआप वर गेली.

"डेव्हिन, तुम आगे बढो!"

यात दोष माझा एकटीचा म्हणू नका. कारण पंधरा वर्षं मोर्चा न बघितलेला, मॅनेजर झालेला मिलिंददादा शेजारून त्याच सेकंदाला गरजला:

"हम तुम्हारे साथ हैं!"

डेव्हिन दचकला. पाय सटकला, घड्याळं सुरू झाली, तो तसाच धडपडत धावला. शेवटच्या रेषेवर स्काउटांनी आकडा पाहिला आणि एकमेकांकडे बघितलं. प्रशिक्षक तरातरा आमच्याकडे आला आणि अत्यंत सभ्य शब्दांत म्हणाला की पुन्हा आवाज आला तर गाडीत बसावं लागेल. मैदानाच्या पलीकडून डेव्हिनने आमच्याकडे पाहिलं आणि हात वर केला, पंजा उघडा, आमच्या दिशेने. थांबा. आम्ही तिघं शाळेत उभं केल्यासारखे थांबलो.

दुसऱ्यांदा तो बरा धावला. बरा, फार नाही. मग झेलण्याची पाळी आली आणि तिथे मात्र मी वेडी झाले, गप्प राहून वेडी झाले, जे फार त्रासाचं असतं. उजवीकडे, डावीकडे, डोक्यावरून, पायाजवळ. एकही चेंडू सुटला नाही. पण तोपर्यंत निम्मे स्काउट गाड्यांकडे निघाले होते. लाल टोपीवाला तेवढा शेवटपर्यंत उभा राहिला, बिया थुंकत.

परतताना पेट्रोल पंपावर डेनीस उतरली आणि कॉफी घेऊन आली. चौघांत तीन कॉफ्या. चौथी कुणाला नाही ते विचारायची गरज नव्हती. दादाने आपल्यातली अर्धी मला दिली, आणि तेवढ्यासाठी डेनीसने आरशातून त्याच्याकडेही बघितलं.

अर्विंग

मधल्या आठवड्यात टेक्ससमधल्या अर्विंगला एक भाषण होतं. ट्रॉयमध्ये टोपी-मफलर, इथे उतरताच घाम. हायवेच्या दोन्ही कडांना मैलोन् मैल निळी रानफुलं. जयंतीच्या महिन्यात रस्ते आपोआप निळे होतात, असा भाग्यवान प्रदेश! मी तसं म्हटलं तर मला घ्यायला आलेले मेश्राम काका म्हणाले, "दरवर्षी होतात. पण मंडपवाल्याचे आभार मानायचे राहूनच जातात."

काका वीसेक वर्षांपासून इथे, कॉम्प्युटरमध्ये. काकू भंडाऱ्याच्या. भाजीच्या दुकानात आंध्राच्या लोकांमुळे अंबाडीच्या जुड्यांचे ढीग लागलेले असतात. काकूंनी अंबाडीची भाजी आणि डाळीच्या पिठाचे गोळे घातलेला गोळाभात केला. गोळाभातावर ओतलेलं गरम तेल खाऊन मी मिशिगनचा बर्फ विसरले. दुसऱ्या दिवशी काका मला धुरावर भाजलेलं मांस खायला घेऊन गेले. ते ब्राऊन कागदावर वाढतात, ताट नाही, चमच्याचा आग्रह नाही. हाताने खाणाऱ्यांना नावं ठेवणाऱ्या जगात हे पाहून फार समाधान वाटलं.

काकाही फुटबॉलचे भक्त निघाले. रात्रीच्या जेवणाआधीच टीव्ही लागला आणि उंट, तीर, डिंक यांचे जुने सामने सुरू झाले. मी डेव्हिनची सगळी हकिकत सांगितली, घोषणेसकट. काका पोट धरून हसले. काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या माउलीच्या जागी मी असते ना, तर तुला तिथंच उतरवलं असतं गाडीतून."

"काकू!"

"खरं सांगते. कॉफीचं काय घेऊन बसलीस."

मी पडदा पाहू लागले. आणि तिथे मला हा खेळ पहिल्यांदा कळला. मी कॉलेजात कबड्डी खेळलेय, चढाई करायचे. चढाई करणाऱ्याचा हात सगळे बघतात, पण खरं काम पाय करतात. पाय खोटं बोलले की समोरचा कोपरारक्षक फसतो. मी काकांना रिमोट मागितला, पुन्हा पुन्हा मागे घेतलं.

"काका, तीर बघा. नुसता पळतो. त्याचे पाय खरं बोलतात. समोरच्याला आधीच कळतंय कुठे जाणार. वेग आहे म्हणून सुटतोय."

"आणि उंट?"

"उंट वळण्याआधी खांदा टाकतो. आमच्या मैदानात पहिल्या चढाईत बाद. डिंक बरा, पण चेंडूकडे फार लवकर बघतो. त्याने मान वळवली की पकडणाऱ्याला पत्र पाठवल्यासारखंच झालं."

काकांनी चष्मा काढला. "आणि तुझा तो डेव्हिन?"

कॉलेजच्या मैदानातले, मोबाईलवर घेतलेले व्हिडिओचे तुकडे होते माझ्याकडे. आम्ही ते टीव्हीवर लावले. काका खुर्ची पुढे ओढून बघत राहिले. डेव्हिन चेंडूकडे बघतच नव्हता. अगदी शेवटच्या क्षणापर्यंत डोळे समोर, चेहरा कोरा, आणि चेंडू येऊन पोचल्यावर हात. छोटे हात, पण उशिरा उघडणारे. समोरच्याला कळेपर्यंत खेळ संपलेला.

"हे मापात नाही बसत, नाही का," काका म्हणाले.

"तेच तर म्हणतेय मी कधीची!"

"बेटा, कधीची ओरडतेयस. म्हणणं वेगळं असतं." असं बोलून काका जेवायला उठले. या माणसाला मी पत्रकं लिहायला घेतलं असतं.

पुन्हा ट्रॉय

जयंतीचा कार्यक्रम शनिवारी एका शाळेच्या हॉलमध्ये. नागपूरला त्या रात्री रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. इथे सगळ्यांनी बूट दाराशी ओळीने लावले, वंदना झाली, मुलांनी इंग्रजीत भाषणं केली, आणि हॉलची वेळ संपायच्या आत खुर्च्या घडी करून ठेवायच्या होत्या. डीजे नाही, ढोल नाही. पण खिरीचं पातेलं तेवढंच मोठं. प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा होता. वांग्याची भाजी, पुरणपोळी, इडल्या, आणि टोकाला चीजमध्ये न्हालेल्या मॅकरोनीचा एक भलामोठा ट्रे. ट्रेमागे डेनीस. शेजारी डेव्हिन, पांढऱ्या शर्टात.

भाषणानंतर मी सरळ तिच्यासमोर गेले. "मावशी, त्या दिवशी चूक झाली. माफ करा."

तिने माझ्या ताटात मॅकरोनी वाढली. बरीच वाढली. "तू ओरडलीस काय, ते तरी सांग."

मी अर्थ सांगितला. तू पुढे जा, आम्ही तुझ्यासोबत आहोत.

ती विचारात पडली. "सोबत? तुम्ही तर कुंपणामागे होतात."

डेव्हिन खो खो हसला. त्याचं हसणं पाहून माझी हिंमत वाढली आणि मी पंजा, फळी, पट्टी, भरती, माझा भाऊ, सगळ्यावर एक लहानसं भाषण ठोकलं. माणसांना बैलासारखं मोजतात, तुला राग येत नाही का? त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"येतो," तो म्हणाला. "पण करुणा, तुझा राग पट्टीवर आहे. माझा राग असा, की चार वर्षं आमच्या मैदानावर कुणी पट्टी घेऊनसुद्धा आलं नाही. मोजलं तर निदान 'छोटा' तरी म्हणतील. न मोजलेल्या माणसाला काहीच म्हणत नाहीत."

दादा खिरीची वाटी घेऊन आला होता. "माझा तर हातही कुणी मोजला नाही," तो म्हणाला. "व्हिसाच्या वेळी कॉम्प्युटरने चिठ्ठी काढली. माझं नाव निघालं, माझ्यापेक्षा हुशार मित्राचं नाही निघालं. तो पुण्यात आहे अजून. यार, कुणी पळवून तरी बघायला पाहिजे होतं."

"तुम्ही धावला असता तर भारतातच राहिला असता," वहिनी म्हणाल्या.

माझी मागणी मी मागे घेतलेली नाही, हे इथे नोंदवते. पण त्या पत्रकात आता एक ओळ जास्तीची आहे: मोजणाऱ्यांनो, सगळ्या मैदानांवर जा.

मग तो शेवटचा आठवडा. गुरुवारी संध्याकाळी पहिली फेरी. सगळे तळघरात. तीर पहिला गेला, त्याच्या आईने टीव्हीवर रडून घेतलं, आणि ज्याने तीर लावला होता तो असा नाचला की जणू ती त्याचीच आई. मागोमाग डिंक. मग उंट, खाली मान घालून स्टेजच्या दारातून वाकून आला. "शिक्षा वाचली," उंटवाला म्हणाला, आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी हरले होते.

शुक्रवारी डेव्हिनचं नाव नाही. शनिवारी शेवटच्या फेऱ्या, दुपारपासून. डेनीस आणि डेव्हिन आमच्याकडेच आले. घरी बसवत नाही, म्हणाली. वरच्या हॉलमधल्या टीव्हीचा आवाज मुद्दाम कमी ठेवलेला. मी स्वयंपाकघरात माझी शिक्षा भोगत होते. सावजी मसाला वहिनींनी आदल्या दिवशी भाजून दिला होता. पण मसाला भाजणं वेगळं आणि तो तेलात परतणं वेगळं. अमेरिकेतली घरं लाकडाची, आणि प्रत्येक छताला धूर हुंगणारं एक यंत्र. आपली फोडणी त्यांच्या मते आग असते.

नावांमागून नावं येत होती. डेव्हिन सोफ्यावर, फोन गुडघ्यावर पालथा. डेनीस त्याच्याकडे बघत नव्हती, खिडकीतून अंगणातल्या बर्फाच्या शेवटच्या ढिगाकडे बघत होती. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

शेवटची फेरी संपली. पडद्यावर लोक एकमेकांचे हात हातात घेत होते. डेव्हिनचं नाव आलं नाही.

शेवटी दादा घसा खाकरून म्हणाला, "आता फोन येतात. न उचललेल्यांना संघ लगेच फोन करतात. आता तेच बघायचं." हे त्याने मला सांगितलं, पण ऐकवलं सगळ्यांना.

नेमका त्याच वेळी माझ्या कढईतून तिखट धूर उसळला आणि छतावरचं यंत्र कानठळ्या बसवत बोंबलू लागलं. आणि त्या बोंबेखाली, गुडघ्यावरचा फोन थरथरला.

"करुणा, गॅस!" वहिनी टॉवेल घेऊन स्टुलावर चढल्या आणि यंत्राला वारा घालू लागल्या. मी कढई उचलून दार उघडून थेट बर्फात ठेवली. दादाने खिडक्या उघडल्या. यंत्र गप्प झालं. डेव्हिनने फोन कानाला लावला, आमच्याकडे वळला आणि हात वर केला. पंजा उघडा. थांबा.

वहिनी स्टुलावर, टॉवेल हवेत. दादा खिडकीत. मी दारात, चिमटा हातात. आयुष्यभर ओरडायला शिकलेली आम्ही माणसं श्वाससुद्धा न घेता उभी होतो.

"हो सर," डेव्हिन म्हणत होता. "हो सर. छोटं कॉलेज, बरोबर. हो, धावताना पाय सटकला होता." मग बराच वेळ ऐकणं. मग त्याने एकेकाकडे नजर फिरवली. "हो सर, इथेच आहेत ते लोक. नाही सर. आता गप्प आहेत."

मला लाल टोपी आणि सूर्यफुलाच्या बिया आठवल्या.

त्याने फोन खाली ठेवला. पुढच्या महिन्यात सरावाला बोलावलं होतं. करार होता, पण कायम जागा नव्हती. उन्हाळाभर टिकलास तर संघात, नाहीतर घरी. संघही असा की जिथे इथल्याहून जास्त थंडी. म्हणजे एवढंच, की कुणीतरी त्याच्याकडे नीट बघणार होतं.

वर केलेला हात त्याने अजून खाली घेतला नव्हता. तो आता खाली घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आता."

मी मूठ वर केली. तोंड उघडलं. एवढ्या सभा, एवढे मोर्चे, कधी माईक नसताना चौक हलवलेला, आणि त्या क्षणी माझ्या गळ्यातून एक अक्षर निघेना. डोळे वाहत होते. मसाल्याने म्हणा.

मग खिडकीपाशी डेनीसमावशी वळली. सरळ उभी राहिली, मूठ आवळली, आणि तिच्या डेट्रॉइटच्या उच्चारांत, एकेक शब्द बर्फातल्या पावलासारखा जपून टाकत, ओरडली:

"डेव्हिन! टूम! आगे! बाढो!"

आम्ही घराचं छप्पर उडेल असे गरजलो: "हम तुम्हारे साथ हैं!" आणि पुन्हा, आणि पुन्हा. बाहेर बर्फात मटणाची कढई चुर्र चुर्र करत होती, वरचं यंत्र पुन्हा बोंबलायला लागलं, आणि या वेळी कुणीही टॉवेल उचलला नाही.